कवळी आणि कावळा

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (अर्धाच समज, कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? फोन तू उचलत नाहीस, त्यामुळे गुडघा जास्त दुखतो की मी, हे कळायला मार्ग नाही. म्हणून पत्र.

इकडे सर्व ठीक. आपल्या जाहिरातींच्या दुकानाचे शटर मध्येच अडकते. तू मारायचीस तशी लाथ कोणालाच जमत नाही. बाकी तू गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत आम्ही दाबून बचत केली. डोके सगळे मेहुण्याचे. (हिचा भाऊ, तू ज्याला 'शहाणा' म्हणतेस तो.) डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे भाडे वर्षाचे, सोशल मीडियावर वेळेवर पोस्टी टाकणाऱ्या सेवेचे महिन्याचे, आणि मजकूर लिहून देणाऱ्या एआयचे तर शब्दागणिक. (तो नुसता 'नमस्कार' म्हणाला तरी मीटर पडायचा.) शहाण्याने तिन्हींना नारळ दिला आणि त्यांच्या जागी फुकटची बसवली. त्यांना ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे करणाऱ्याने आतले सगळे उघडे ठेवलेले असते. कोणीही यावे, बघावे, चूक दिसली तर दुरुस्त करावी, पैसे मागू नयेत. मीही आत डोकावून आलो. काही कळले नाही, पण कोणी हटकलेही नाही. खोटे कशाला बोलू, साधने उत्तम आहेत. डिझाइनचे तर आधीच्यापेक्षा बरे. एआय आता आपल्याच कॉम्प्युटरवर चालतो, आणि विचार करू लागला की तो इतका तापतो की ही त्याच्यावर मोजे वाळवते.

त्या बचतीच्या यादीत चौथी ओळ होती, 'मुद्रितशोधन'. लिहिली शहाण्याने, पण तुला वाचून दाखवली मी. (त्याची छाती झाली नाही.) तू आता आराम कर, असे मी म्हणालो. तू लाल पेनाला टोपण लावलेस, खुर्चीवरची उशी काखोटीला मारलीस आणि निघालीस. बावीस वर्षांत या दुकानातून एक वेलांटीसुद्धा तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडली नव्हती. तू काहीच बोलली नाहीस, म्हणून मला वाटले तुला पटले.

मग दातांच्या डॉक्टरांची जाहिरात आली. आपले सगळ्यात जुने गिऱ्हाईक. मजकूर एका ओळीचा: 'आठवड्यात कवळी बसवून मिळेल.' शहाण्याने तिन्ही साधने एकमेकांना जोडून ठेवली होती. एआयने शुद्धलेखन तपासायचे, डिझाइनवाल्याने मजकूर वाचून चित्र लावायचे आणि तिसऱ्याने डॉक्टरांच्या पानावर टाकायचे. आपण फक्त चहा प्यायचा. पण हा एआय छोटा, आपल्या कॉम्प्युटरात मावेल एवढाच. मराठी येते त्याला, पण दात पडलेल्या माणसाशी त्याचा संबंध आलेला नाही. 'कवळी' त्याला चूक वाटली. त्याने ती सुधारून 'कावळा' केली. (आठवड्यात कावळा बसवून मिळेल. व्याकरणात खोट नाही, मी तीनदा वाचून बघितले.) पुढच्याने शब्दाला जागून कावळा लावला, ऐटदार, मान वाकडी केलेला. तिसऱ्याने तो दर तासाला टाकला, कारण शहाण्याने चाचणीसाठी 'दर तासाला' ठेवले होते आणि बदलायला विसरला. सगळे आपोआप होत असल्यामुळे बघत कोणीच नव्हते. दुकान आणि कॉम्प्युटर बंद करेपर्यंत नऊ कावळे झाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. ओरडले असते तर बरे वाटले असते. त्यांनी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितले आणि तू कुठे आहेस एवढेच विचारले. आराम करते आहे, म्हणालो. ते दिसतेच आहे, म्हणाले.

असो. काळजीचे कारण नाही. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग, आणि पायऱ्या कठडा धरून उतर.

तुझा,
भाचा

ता. क. हे पत्र एआयला दाखवलेले नाही. चुका लाल करून परत पाठव. किंवा स्वतःच आणून दे.

ता. क. २. डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याच्या तेवीस पाट्या आहेत. प्रत्येक मजकुरावर तुझ्या लाल पेनाची खूण असली तरच काम आपल्याला, नाहीतर समोरच्या दुकानाला. मी तुला न विचारता हो म्हटले आहे. पत्र त्यासाठी लिहितोय असे तुला वाटेल. थोडे त्यासाठी आहेच. पण यादी मी वाचायला नको होती, आत्या. चुकलो.

ता. क. ३. कावळे काढून टाकताना बघितले, तर नऊच्या नऊ पोस्टींखाली पहिली कमेंट एकाच खात्यावरून होती, फोटो नसलेल्या: 'कवळी. क, व, ळी. गाढवा.' खाते उघडल्याची तारीख, तू उशी घेऊन गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसाची. दर तासाला इतके न चुकता माणूस लिहीत नाही, ते यंत्रच असणार, असे शहाणा म्हणतो. म्हणो बापडा. गाढवा म्हणणारे आपल्या घरात एकच माणूस आहे, आणि ते तीन आठवडे तिकडून फुकटात आपलेच काम करत बसले आहे. खुर्चीवर मी बसून बघितले. टोचते. येताना उशी आण.