रविवारचा फेडोरा

४ जानेवारी २००४, रविवार

कॉम्प्युटरचा माऊस आज परत मेला. म्हणजे मीच मारला — सकाळी टेबलामागे वाकून वायर उपटली. कंबर धरली, पण काम फत्ते! लगेच पुण्याला फोन.

यशोधनचा पहिला प्रश्न ठरलेला. "बाबा, मागची वायर बसलीय का?"

"हौ, चांगली घट्ट बसून आहे."

धडधडीत खोटं! सारी नोकरी सिंचन खात्यात काढली, पण इतकं सहज कधी खोटं बोललो नाही.

मग तो सांगत जातो, मी टाईप करत जातो. "स्पेस. डॅश. छोटा आर." ह्याच सुरात मी त्याला पाढे शिकवायचो. तो चुकला की मी थांबायचो, आता मी चुकलो की तो थांबतो. शेवटी मशीन बंद होऊन पुन्हा सुरू. तेवढ्यात मी गुपचूप वायर खोचतो. काळ्या पडद्यावर एकेक ओळ उतरते, उजवीकडे हिरवं ओके. सगळे ओके होईपर्यंत दोघांनाही काही काम नसतं. तेव्हा पोरगा बोलतो. आज म्हणाला, खिचडी करायला गेलो तर खाली लागली. खोलीच्या खिडकीतून टेकडी दिसते म्हणाला. एवढंच. पण दिवसभर ती टेकडी मलाही दिसत होती.

११ जानेवारी

माऊस ठीक. पुढच्या रविवारपर्यंत जगू दे बिचाऱ्याला.

१९ जानेवारी

काल वाचनालयाच्या मंडळाची बैठक. लिहून काढतो, म्हणजे डोकं जागेवर येईल.

वाचनालयाचं छप्पर गळतं, म्हणून कॉम्प्युटर आमच्या घरी. मी सचिव, तेव्हा पुस्तकांच्या नोंदी माझ्याच गळ्यात. दिवाळीत यशोधनने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स चढवून दिलं, फुकटात. आता ह्या आवृत्तीची डागडुजी एप्रिलनंतर बंद! पुढे दोन वाटा. एक फेडोरा — तोही फुकट, जगभरची माणसं मिळून करतात, पण वर्षातून दोनदा नवा येतो आणि जुना मागे पडतो. दुसरी एंटरप्राइज — दर वर्षी पैसे भरा, वर्षानुवर्षं तेच चालतं, अडलं तर कंपनीचा माणूस फोनवर हजर.

आमचे खजिनदार तेजरामजी, राईस मिलवाले. म्हणाले, "गुणाकरजी, फोकट की चीज़ बिगड़ी तो गर्दन किसकी पकड़ेंगे?"

माझ्या पोराची! मनात म्हटलं.

मार्चपर्यंत तुम्हीच ठरवा, असं ठरलं. मला काय ठरवायचंय? फेडोरा!

१ फेब्रुवारी

वैनगंगेवर धुकं. पलीकडचा काठच नाही. घाटावर बसून राहिलो आणि त्या फेडोरावाल्यांचाच विचार करत बसलो. कुठली कोण माणसं! कोणी ब्राझीलमधली बाई रात्रीचा स्वयंपाक आटोपून एक चूक दुरुस्त करत असेल. ती दुरुस्ती इकडे माझ्या बैठकीच्या खोलीत येऊन पोचते. तिला आमचं बालाघाट माहीत नाही, मला तिचं नाव माहीत नाही. आमचं वाचनालय तरी वेगळं काय आहे? एकाने पुस्तक दिलं, दुसऱ्याने शिवलं, तिसरा वाचतो.

आणि वर्षातून दोनदा नवा! म्हणजे उन्हाळ्यात एकदा, दिवाळीत एकदा यशोधनला यावंच लागेल. गोंदियाहून छोटी गाडी रमतगमत येतेय, खिडकीबाहेर त्याचं कोपर, केसांत धूळ... डोळे मिटले की गाडी स्टेशनात शिरते. आज तीनदा शिरली.

यशोधनच्या आईने, अलकाने, शोधत येऊन हाक मारली नसती तर तिथेच दुपार झाली असती.

२२ फेब्रुवारी, रविवार

मन खट्टू झालं.

वायर काढली, फोन लावला, सगळं नेहमीसारखं. हिरवे ओके सुरू झाले आणि तो म्हणाला, "बाबा, एंटरप्राइज घ्या तुम्ही. फेडोरा सारखा बदलत राहील. इथून मी किती दिवस सांभाळणार?"

किती दिवस सांभाळणार!

"बरं, ठेव," म्हणालो. ओके संपलेही नव्हते.

अलका म्हणे, "खरंच तर आहे. पोराचा रविवार खाऊन राह्यले तुम्ही. झोपू द्या त्याले."

कोणावर ओरडू? दुसरा भात घेतला नाही. तिने विचारलंही नाही.

२३ फेब्रुवारी

वांग्याची भाजी खारट झाली. भाजीच काय, मीपण.

१४ मार्च

बैठकीत सांगून टाकलं — एंटरप्राइज. तेजरामजींनी पाठ थोपटली. "अब चैन से सोइए, गुणाकरजी!"

लांबच्या रस्त्याने घरी आलो. मोहाचा वास सुटलाय. यशोधन लहानपणी टपटप पडणारी फुलं खिशात भरायचा, मग धुताना अलकाची बडबड. खिसे गोड लागायचे म्हणायचा. खरंच चाखून पाहायचा गधा!

११ एप्रिल

नागपूरचा इंजिनिअर येऊन सगळं चढवून गेला. भला माणूस. चहा पिऊन खुद्द मशीनवरच मदतीच्या नंबरचं स्टिकर लावून गेला. सगळं झकास चालतंय. खोट काढायला जागा नाही.

१८ एप्रिल, रविवार

यशोधनचाच फोन आला.

"कसे आहात?"

"बरा."

"मशीन?"

"एकदम मस्त."

"छान." मी स्टिकरवरचा नंबर वाचत बसलो. तो म्हणाला, "ठेवू का मग?"

ठेवला.

टेबलामागे हात घातला, वायर बोटांत धरली, सोडून दिली. काय उपयोग? आता अडलं तर त्या स्टिकरवाल्या नंबरला सांगायचं. तिथला माणूस खिचडीबद्दल थोडाच बोलणार!

२५ एप्रिल, रविवार

आज फोनच नाही. दुपारी काही कारण नसताना मशीन बंद करून सुरू केलं आणि ओके बघत बसलो. उन्हाची तिरीप फरशीवर सरकत होती. कुठल्या तरी ओळीनंतर तो बोलू लागेल, असं उगीचच वाटत होतं. अलका शेजारी येऊन बसली कधी, कळलं नाही.

म्हणाली, "मीच सांगतलं होतं त्याले. बाबांच्या जिवाले घोर लागते या मशीनपायी, काही उपाय कर म्हणून."

"काहून सांगतलं?"

"दर रविवारी कंबर धरत टेबलामागे शिरत होते तुम्ही. मले काय दिसत नाही? दुरुस्त करता करता एखाद्या दिवशी तिथंच अडकान म्हटलं."

दुरुस्त! अरे देवा. मग मी सगळं सांगून टाकलं. वायरचं, घट्ट बसून आहेचं, सगळं. म्हणालो, "मले त्याचा आवाज पाहिजे होता, अलका."

ती बघतच राहिली. "मग सरळ फोन करायचा ना! माऊस काहून मारायचा?"

"फोन करून बोलू काय? तुझं बरं आहे, तू काय जेवला विचारते, तासभर चालते. मी काय विचारू?"

ती हसली. मग रडली थोडी. मलाही आवरेना. मशीन कधीचं सुरू होऊन बसलं होतं.

२ मे, रविवार

सकाळीच पुण्याहून फोन.

"बाबा, माझ्या खोलीवरच्या मशीनवर मी फेडोरा टाकला. माऊस चालून नाही राह्यला. तुम्हाले ते सगळं पाठ आहे ना? सांगा बरं."

त्याला येत नाही! त्याला!! अलका स्वयंपाकघराच्या दारात उभी, माझ्याकडे अजिबात न बघता.

मी विचारलं, "मागची वायर बसलीय का?"

मग म्हणाला, "हौ, चांगली घट्ट बसून आहे."

खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, लिही. स्पेस. डॅश. छोटा आर.