डावा कौल

४ एप्रिल, शुक्रवार

बूट! देवीच्या वाघावर बूट!

उल्हासनगरला दुकानात गिऱ्हाईक करत होते, तेवढ्यात मोबाइलवर व्हिडिओ आला. आमच्या चिखलोलीचंच देऊळ. दाराबाहेर देवीचा दगडी वाघ आहे, त्याच्या डोक्यावर एक माणूस खुशाल पाय ठेवून बुटाची नाडी बांधतोय. वर हसत सांगतोय – 'ये पत्थर हटाओ, दो गाड़ियाँ और लग जाएँगी.'

विनीत नाव. नव्या टॉवरमधला. टॉवर आहे तिथे परवापरवापर्यंत भात लावायचो आम्ही, आणि हा आम्हाला पार्किंग शिकवतो.

गावातल्या पोरांचा म्होरक्या सनी, त्याला लगेच फॉरवर्ड केला. खाली लिहिलं – गावाचा भाऊ म्हणवतोस ना? मग बस बघत.

५ एप्रिल

बाबांना दाखवला. देवीची पूजा आमच्या घरात आजोबांपासून. वाटलं, बाबा पेटून उठतील. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग बादली उचलली, जाऊन वाघ धुतला, ताजा शेंदूर लावला आणि घरी येऊन चहा मागितला. बस्स.

'बाबा, काहीतरी बोला ना.'

'नाडी सुटलेली त्याची. बांधली. आता काय बोलू?'

माझं डोकंच फिरलं. कप त्यांच्यासमोर आपटला, अर्धा चहा बशीत. ते बशीतला प्यायले.

६ एप्रिल

सनी पोरं घेऊन अंगणात आला. हातात हॉकी स्टिका. मला बरं वाटलं – इथे कशाला खोटं लिहू?

बाबा दारात उभे राहिले. 'अपमान देवीचा झाला ना? मग देवीलाच विचारू. उद्या सकाळी कौल लावतो.'

पोरांनी स्टिका खाली केल्या. कौलाला नाही कोण म्हणणार? जमीन विकायची असो की मुलगी द्यायची, गाव आधी कौल लावतं. आणि बाबांनी सांगितलेल्या कौलावर आजवर कुणी शंका घेतलेली नाही.

सनी जाताना माझ्या कानात म्हणाला, 'देवी हो म्हणणार बघ.' मी म्हटलं, म्हणणारच.

७ एप्रिल

देवळातून येऊन तडक लिहायला बसले.

गाभारा इवलासा. आत बाबा, त्यांच्या मागे निरांजन धरून मी. पोरं बाहेर. बाबांनी झेंडूची एक पाकळी देवीच्या उजव्या खांद्याला पाण्याने चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. गावातलं शेंबडं पोरही जाणतं हे. बाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, 'आई, पोरं त्या माणसाला मारायला निघालीत. जाऊ देऊ का?'

किती वेळ काहीच नाही. मग पडली. उजवी. माझ्या डोळ्यांदेखत.

बाबांनी ती मुठीत घेतली. दुसरी बोटाने काढली. उंबऱ्यावर जाऊन म्हणाले, 'डावी. देवी नको म्हनते.'

पोरं निघून गेली. सनी बादलीला लाथ घालून गेला.

मी बाबांना तिथेच धरलं. 'उजवी पडली.'

'हो.'

'हो काय, हो? देवीचा शब्द फिरवलात तुम्ही!'

'तिला राग आला असंल. तिचा हक्क हाय. पन पोरांना जेलात नाय धाडनार मी. तिचं-माझं मी बघून घेईन.'

सनी पोलीस भरतीची तयारी करतोय. एक केस लागली की वर्दी विसरायची, एवढं मलाही कळतं. आणि स्टिक डोक्यात बसली तर? तेही कळतं. पण म्हणून गाभाऱ्यात उभं राहून खोटं? लहानपणी पेन्सिल चोरली नाही असं खोटं म्हटलं तर याच माणसाने मला देवीपुढे उभं केलं होतं!

खोटारडे. लिहिलं. आता बघू दे कुणाला बघायचं ते.

८ एप्रिल

बोलत नाही मी त्यांच्याशी.

१० एप्रिल

बाबांनी मीठ सोडलंय. भात, डाळ, भाजी, सगळं अळणी. आई विचारून थकली. 'असंच,' म्हणतात. का ते फक्त मला माहीत. अळणी डाळ भुरकताना त्यांना बघते आणि आणखीच चीड येते. गुन्हा त्या विनीतचा, आणि तोंडाची चव गेली यांच्या!

१२ एप्रिल

आज जत्रा. गावाच्या शिवेच्या आत जेवढी घरं, तेवढ्या घरी देवीचा प्रसाद पोचवायचा, ही रीत. टॉवरमध्ये वाटायचं काम माझ्याकडे. पिशवीत सगळ्यात वर विनीतचा पुडा.

'तिथे मी जाणार नाही.'

'शिवेच्या आत राहतो ना? मग त्याचा वाटा हाय,' बाबा म्हणाले. 'प्रसाद आपल्या घरचा नाय, आपन कोन अडवनार?'

गेले. लिफ्टमध्ये ठरवत होते, पुडा त्याच्या तोंडावरच मारायचा. त्याने साखळी न काढता दार किलकिलं केलं. आतून बायकोचा आवाज – 'मत खोलो, वो लोग होंगे.' 'वो लोग' म्हणजे मी! व्हिडिओत हसणारं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मेला, तोही झाला नाही.

'जत्रेचा प्रसाद.'

'इसका क्या करना है?'

'खायचा असतो,' म्हटलं.

फटीतून घेतला. सॉरी नाही, थँक्यू नाही, दार बंद. लिफ्टची वाटही न बघता जिना उतरले आणि उतरताना रडले, निव्वळ संतापाने. असल्या माणसासाठी बाबा अळणी जेवतायत.

१३ एप्रिल

सकाळी सनीने देवळात गाठलं. पोरं बाहेर, स्टिका घेऊन. 'तुझ्या बाबांवर विश्वास नाही आमचा. आत तू होतीस. देवीच्या पायावर हात ठेव आणि सांग, कुठली पडली?'

विनीतवरचा राग तसूभर कमी झालेला नाही. हात ठेवला आणि सांगितलं – डावी.