तक्रारी शून्य

पुणे, ता. ६ जानेवारी

ती. विमलाआत्यास,
सा. न. वि. वि.

अभिनंदन! बाबांच्या कापसाच्या जिनिंगमधल्या महिला तक्रार समितीची सदस्य झालीस आणि भाचीला साधं कळवलंही नाहीस? कंपनीच्या छापील अहवालात तुझा फोटो पाहिला. निळ्या काठाची साडी आणि वर्गात दंगा चालू असल्यासारखा चेहरा. खाली लिहिलंय, बाहेरच्या सदस्या, निवृत्त शिक्षिका. वर्षात चार बैठका, तक्रारी शून्य.

माझं काम तुला कधी धड समजावलं नाही. कंपनी हवापाणी किती नासवते, माणसांना कशी वागवते आणि कारभार किती सरळ करते, यावर आम्ही गुण देतो. ते पाहून परदेशातले व्यापारी तिचा माल घेतात. बाबा तिथे मॅनेजर, म्हणून ती फाइल माझ्याकडे न देता शेजारच्या टेबलावर दिली. पण महिलांच्या रकान्यात पैकीच्या पैकी मिळाले म्हणे. शाळेत कुणालाच पैकीच्या पैकी न देणारी तू, स्वतः बरे मिळवलेस! बैठकीला न्यायला गाडी येते का?

तुझ्या रागावण्याची वाट बघणारी,
स्वरदा

सेलू, ता. ११ जानेवारी

चि. स्वरदास अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण तुझे बाबा शेजारच्या खुर्चीत बसून ऐकतात. त्या जिनिंगच्या फाटकाआत मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. फोटो माझ्या निरोपसमारंभातला आहे. शेजारी गायकवाडबाई होत्या, त्यांना कापून टाकलेलं दिसतंय. समितीसाठीची सही पेन्शनच्या कागदांबरोबर घेतली असावी.

जेवताना तुझ्या बाबांना, व्यंकटला, विचारलं. म्हणाला, ताई, नावच तर आहे, कुणीतरी शिकलेली बाई दाखवावी लागते. आणि भाकरी कुस्करायला लागला. मला त्या ताटाचीच शिसारी आली. खरंच एकही तक्रार नाही का, असं विचारलं तर त्यानं ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतणाऱ्या बायांना चहाला बोलावलं. दुसरा चहा झाला. शेवटी एकीनं सांगितलं. चंद्रभान नावाचा सुपरवायझर रुईच्या ढिगाआड सुकेशनीच्या अंगाला हात लावायचा. मार्गशीर्षात तिनं ऑफिसात जाऊन मॅनेजरसाहेबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला फाटकावरूनच परत पाठवलं, पुन्हा येऊ नको म्हणून. हे सांगताना ती बाई माझ्याकडे न बघता बशीत बघत होती. तिला ठाऊक होतं, मॅनेजरसाहेब माझा भाऊ आहे ते.

सुकेशनी माझ्या वर्गात होती, पोरी.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावलेली,
विमलाआत्या

पुणे, ता. १६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि डबा तसाच परत आणला. याच बाबांनी मला पुण्याला सोडताना वसतिगृहाच्या रखवालदाराला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, पोरीकडे लक्ष ठेवा म्हणून.

मी सदस्य नाही, सही फसवून घेतली, असं लिहून देऊन तू मोकळी होऊ शकतेस. नाहीतर त्यांनी तुला सदस्य केलंच आहे, तर खरोखरीची हो. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार आली तर समितीला ती घ्यावीच लागते. अजून मुदत आहे. पोच मात्र घे.

पण तू त्यांच्याच घरात राहतेस, हे मनातून जात नाही. काल बाबांचा फोन आला होता, ताईच्या डोक्यात तू काय भरवलंस म्हणून. वाटलं तर इकडे ये. माझी खोली लहान आहे, पण दोघींना पुरेल.

काळजीत असलेली,
स्वरदा

सेलू, ता. २ फेब्रुवारी

चि. स्वरदास अनेक आशीर्वाद.

सुकेशनीकडे गेले. दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. माझ्याकडे का नाही आलीस, असं विचारलं. म्हणाली, बाई, कंपनीत भिंतीवर बोर्ड हाय, त्यावर तुमचं नाव हाय. आमाला वाटलं तुमी बी त्यांच्यातल्याच. मग आमी कुणाकडं जावं?

स्वरदा, मला माझ्याच नावाची किळस आली.

तक्रार तिनंच लिहिली. दोघी द्यायला गेलो तर फाटकावर वॉचमन सोडेना. म्हटलं, आत जाऊन भिंतीवरचं नाव वाचून ये. समितीची अध्यक्ष मालकाची सून. तिला आपण अध्यक्ष आहोत हे अंधुकच माहीत होतं, पण पोरगी बरी निघाली. पोच दिली, बैठकही लावली.

बैठकीत चंद्रभान हसायलाय. म्हणे, कामाच्या गर्दीत धक्का लागतोच. मग साक्षीला आलेल्या दोघींनीही आपापली तक्रार लिहून दिली, तसं त्याचं हसू उतरलं. व्यंकटला मी एकच विचारलं, ही तुझ्याकडे आली होती का. पंख्याकडे बघत तो हो म्हणाला.

सुकेशनीला परत कामावर घेतलं. चंद्रभानची परभणीच्या गोदामावर बदली केली. तिथंही बायाच कामाला आहेत, म्हणजे घाण इथून उचलून तिथं टाकली. तसं लेखी कळवलंय. व्यंकट माझ्याशी बोलत नाही.

तुझी,
विमलाआत्या

पुणे, ता. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कंपनीचे गुण उतरले. शून्याच्या जागी तीन तक्रारी आल्या ना! दुसऱ्या एका कंपनीत अजून शून्य आहे, ती वर चढली. मी साहेबांना विचारलं, तिथल्या बोर्डावर कुणाच्या आत्याचं नाव आहे? ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. शून्य दिसलं की आधी तिथल्या बायकांना विचारा, असं मी लेखी दिलं. पुढच्या वर्षी पाहू, असा शेरा मारून कागद परत आला.

या खुर्चीत बसायचीसुद्धा ओकारी येते. तरी सोडत नाही. दर महिन्याला तोच कागद पुन्हा देणार आहे.

तुझ्या हट्टाची वारसदार,
स्वरदा

सेलू, ता. ९ मार्च

चि. स्वरदास अनेक आशीर्वाद.

गुण उतरल्यावर मालकानं व्यंकटला सांगितलं, बहिणीचा राजीनामा आण. त्यानं टाइप केलेला कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला, वर पेन. म्हणाला, ताई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. मी म्हटलं, सुकेशनीच्याही होता. सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक भरली. स्टेशन रोडला एक खोली घेतली आहे. निघताना व्यंकट दारात येऊन म्हणाला, लोक काय म्हणतील. राहा म्हणाला असता तर मी कदाचित थांबले असते. तो बाजूला सरकला, रिक्षावाल्याला ट्रंक नेता यावी म्हणून.

पुण्याला इतक्यात येत नाही. काल या खोलीचं दार एक अनोळखी बाई वाजवून गेली, म्हणजे जाणारच होती, मी थांबवलं. जिनिंगमधली नव्हती, पलीकडच्या तेलगिरणीतली. म्हणाली, आमच्याकडं तसली समितीच न्हाई, बाई, तुमी नुसतं ऐकून घेताल का?

मी सतरंजी अंथरली.

आहे तशी माया ठेव. नवा पत्ता पाकिटावर आहे.

तुझी,
विमलाआत्या