बळीराम कडूंच्या सामानाची यादी

विचुंबे, गुरुवार

ती. भगवानदादांस,

शकूचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि तुमच्या खारघरच्या टॉवरची लिफ्ट, तिघांची प्रकृती ठीक असावी. उत्तर फोनवर देऊ नका. या विषयावर फोनवर एक अक्षर बोलायचे नाही, अशी वकिलाची ताकीद आहे. होय, मला वकील लागला आहे.

माझ्या मागच्या खोलीतले भाडेकरू बळीराम कडू तुम्हाला आठवत असतील (अकरा वर्षे राहिले, मिठागरावर मुकादम होते, बोलणे कमी, आवाज त्याहून कमी). मार्चमध्ये ते झोपेतच गेले. "मला कोणी नाय," असे ते नेहमी म्हणत आणि मी ते खरे मानले. बी.ए.ला तर्कशास्त्र घेऊनही मानले. अग्नी देवविला, दहावा केला, तेरावा केला. तेराव्याला गेलेल्या माणसाच्या वस्तू दान करतात, तशा केल्या: अंथरूण, तांब्या, छत्री, चपला, पेटी. घरात काही ठेवले नाही (त्यांच्या खुर्चीवर मांजर बसू लागले होते, तर खुर्चीही दिली).

सोमवारी उरणहून त्यांचा पुतण्या प्रणित उगवला. काका कसे गेले, शेवटी काही बोलले का, यातले काही विचारले नाही. सामान कुठे आहे, एवढेच विचारले. दान केले, म्हटल्यावर म्हणाला, "दुसऱ्याच्या सामानाचं पुण्य तुमी कसं घेतलं, मावशी?" आणि तडक पोलीस ठाण्यात गेला.

तिथल्या हवालदार दिपिकाताईंनी मला समजावले, की वारस नसलेला माणूस गेला तर पोलिसांना कळवून सामान त्यांच्या ताब्यात द्यायचे असते. परस्पर वाटले, तर मृताची मालमत्ता लाटल्याचा संशय येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, शिवाय दंड. मी अडुसष्ट वर्षांची आहे. एकाहत्तराव्या वर्षी सुटेन (ठाण्यातली हवा पाहता त्याआधीच सुटेन, पण ते वेगळे सुटणे). प्रामाणिकपणा दिसावा म्हणून मी दानाची यादी पुढे केली: काय, कोणाला, तारीख आणि खाली माझी सही. "बरं झालं मावशी, आमचं अर्धं काम तुम्हीच करून आणलंत," असे म्हणून बाईंनी ती तक्रारीला टाचली.

माझी वकील शाजिया (अब्दुल्ला कापडवाल्यांची धाकटी) म्हणते, कायदा हेतू पाहतो. येत्या सोमवारपर्यंत यादीतले सगळे जमा झाले तर 'कळवायला उशीर झाला' एवढ्यावर भागवता येईल. एक जरी वस्तू कमी पडली, तर हेतूचा प्रश्न निघेल. तेव्हा दोन दिवस मी दान परत गोळा करत हिंडते आहे. भटजींनी अंथरूण दिले, पण दान परत मागणाऱ्याला कुठला नरक ते पोथीत पाहून कळवतो म्हणाले. चपला दादू रिक्षावाल्याच्या पायात होत्या. पळस्प्याच्या नाक्यावर भर गर्दीत काढायला लावल्या. "मेलेल्याच्या चपला, आन् जित्याला अनवानी करता," एवढे बोलून तो तसाच रिक्षा घेऊन गेला. मी चपला पिशवीत घातल्या. छत्रीच्या काड्याच मिळाल्या. खुर्ची मिळाली, मांजरासकट.

गावात मी दिसले की बायका बोलायच्या थांबतात. अकरा वर्षांत ज्यांनी बळीरामांना कधी चहा विचारला नाही, त्यांना आता त्यांच्या तांब्याची काळजी वाटते.

यादीतली एकच ओळ उरली आहे. वहिनींना नमस्कार.

तुमची बहीण,
शकू

ता.क. तुमच्या पंचाहत्तरीला मी दिलेले मनगटी घड्याळ पनवेलच्या बाजारातून आणलेले नव्हते. यादीत 'घड्याळ: योग्य व्यक्तीस' अशी नोंद आहे. रविवारपर्यंत पाठवा. पट्टा बदलला असेल तर जुना पट्टाही शोधा.

आणखी एक. शाजिया म्हणते, अशी वस्तू माहीत असून जवळ ठेवणाराही अडकतो. माहीत नसलेला सुटतो. वरचा ता.क. वाचेपर्यंत तुम्ही सुटलेले होतात.