यार्डमास्तरांचा कंटेनर

गोफण यार्ड
दि. २ मार्च

चि. बारक्यास अ. उ. आ.

आम्ही इकडे खुशाल. आप्पांचा खोकला उतरलाय, जेवण मात्र चिमणीएवढंच. तू ती दाढी एकदा काढ, फोटोत माझा थोरला भाऊ दिसतोस.

आता मुद्द्याचं. आपला म्हातारा क्रेनवाला गेल्या आठवड्यात गेला. जाण्याआधी मला बोलावून बारा वर्षं पोटात ठेवलेलं त्यानं सांगितलं. आप्पांनी तो कंटेनर चोख तोलला होता. चाकावर फिरवून, हलक्या बाजूला शिशाच्या पट्ट्या लावून, सील करून ते घरी आले. त्यांच्या पाठीमागे मुकादमानं या क्रेनवाल्याला सील तोडायला लावलं, लेकीच्या नव्या संसारासाठी एक लोखंडी कपाट मागच्या कोपऱ्यात चढवलं आणि पुन्हा न तोलताच आप्पांच्याच शिक्क्याचं नवं सील ठोकलं. गोफणीतून कंटेनर वर आकाशात सुटला तो डोलतच. तुमच्या जाळ्यात शिरायच्या ऐवजी कडेवर आदळला आणि तीन माणसं गेली. शिक्का आप्पांचा होता, म्हणून खुनी आप्पा ठरले. तेव्हापासून त्यांनी यार्डाचं फाटक ओलांडलेलं नाही.

तो मुकादम आज आमचा यार्डमास्तर आहे. महिनाअखेर निवृत्त होऊन तुमच्या स्टेशनावर लेकीकडे राहायला येतोय, घरसामानासकट, कंटेनरमध्ये बसून. आणि इथली तोलार मी आहे.

आप्पांना यातलं काही सांगितलेलं नाही. जिवाला जप, ताईला विसरू नकोस.

तुझी ताई


जाळे स्टेशन
दि. १२ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. कामात लक्ष लागेना म्हणून त्या दिवशी मला जाळ्याच्या दोरावर उभं केलं नाही.

इथं मला नावानं कुणी हाक मारत नाही, तोलाराचा पोरगा म्हणतात. आमच्या टोळीच्या प्रमुख बाईंना सगळे वहिनी म्हणतात. त्या तिघांत त्यांचा नवरा होता. कामापलीकडे त्या माझ्याशी आजवर एक अक्षर बोललेल्या नाहीत. मी कधी वाईट वाटून घेतलं नाही, कारण मलाही वाटायचं की आप्पाच चुकले. याची मला आता फार लाज वाटते.

पण ताई, तुझा राग मी लहानपणापासून पाठीवर झेललाय, म्हणून स्पष्ट लिहितो. एक पट्टी कमी लावलीस तर तो मरेल. पण जाळ्यापाशी मी आणि आणखी सहा जण असू. शिवाय तो मेला की लोक त्याला बिचारा म्हणतील, आणि बापासारखीच लेक म्हणून तुझ्या नावानं खडे फोडतील. त्याचे हाल व्हावेत असं मलाही मनापासून वाटतं. फक्त आधी त्याच्या तोंडून खरं निघू दे.

दाढी काढली आहे. लहान भावावरची माया आटू देऊ नये.

तुझा बारक्या


गोफण यार्ड
दि. ३० मार्च

चि. बारक्यास अ. उ. आ.

त्याच्याकडून काढून घेतलं बघ. कसं ते ऐक.

निवृत्त होणाऱ्यानं आपला शेवटचा कंटेनर स्वतः तोलायचा, हा यार्डाचा जुना मान. दहा वर्षं तोलार होतो असं सांगत हा माणूस वर चढला, पण काम नेहमी दुसऱ्यांकडून करून घेतलं. सगळं यार्ड जमवून मीच त्याला हा मान दिला आणि पट्ट्यांचं खोकं हातात ठेवलं. त्यानं चाक फिरवलं, कंटेनर झिंगल्यासारखा हलला, आणि यानं पट्टी लावली ती जड बाजूलाच. लोक टाळ्या वाजवत होते, याचा घाम थांबेना. शेवटी मला शेडमागे घेऊन गेला आणि पोरी, तूच तोल, असं म्हणत पाया पडायला लागला.

मी म्हटलं, तोलते की. पण तोलचिठ्ठी तुमच्या हातची हवी, त्या कपाटाच्या हकिकतीसकट. आधी उडवाउडवी केली. मग मी पट्ट्या परत खोक्यात भरायला लागले, तेव्हा लिहिली. सही केली, दाराच्या काचेच्या खणात स्वतः सरकवली. तिकडे पोचल्यावर चिठ्ठ्या रद्दीत जातात, असा त्याचा समज. उभ्या आयुष्यात जाळ्यावर पाऊल ठेवलेलं नाही त्यानं. दार उघडण्याआधी तुम्ही चिठ्ठी मोठ्यानं वाचता, हे त्याला कोण सांगणार?

तोल मी आप्पांनी शिकवला तसा चोख केलाय. दार लावताना त्याला मात्र म्हटलं, एखादी पट्टी राहिली असेल तर सांभाळून घ्या. आता नऊ दिवस बसेल विचार करत. मला त्याची अजिबात दया येत नाही. टपाल त्याच्या आधी सुटतं, म्हणून हे तुला आधी मिळेल.

डोळे उघडे ठेव आणि असाच माझ्या पाठीशी राहा.

तुझी ताई


जाळे स्टेशन
दि. ९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

कंटेनर रेघ ओढल्यासारखा सरळ आला. असा तोल कित्येक महिन्यांत पाहिला नाही, असं टोळीतल्या म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत म्हटलं. आप्पांना सांग.

चिठ्ठी रीतीप्रमाणे वहिनींनी वाचली. मी आधी काही बोललो नव्हतो. कपाटाची हकिकतही त्यांनी तशीच मोठ्यानं वाचली, शेवटपर्यंत, सहीसकट. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आतून यार्डमास्तर दार वाजवायला लागले. आधी टकटक, मग मुठीनं, मग नऊ दिवसांची सगळी भीती काढून. त्यांची लेक फाटकाबाहेर उभी होती, तिलाही ऐकू जात असणार.

वहिनींनी सांगितल्याशिवाय इथं दार उघडत नाही. दारावरच्या काट्यावर आत अजून दोन दिवसांची हवा दिसत होती, ती त्यांनी नीट पाहिली. बाकीच्यांना जेवायला पाठवलं आणि दारासमोरच्या बाकावर बसल्या. मी कोपऱ्यात उभा होतो. तासभर गेला असेल. मग त्यांनी बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला नावानं हाक मारली आणि बस म्हणाल्या.

मी बसलो. आतला माणूस दार ठोकतच होता. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत तिथं बसून होतो.

आप्पांना साष्टांग नमस्कार. तुम्हा दोघांचा आशीर्वाद असाच राहू द्यावा.

तुझा बारक्या