डाव्या पायाला सुट्टी

बाबा,

परवा मी बिनक्लचची गाडी चालवून पाहिली. हे तुला समोर सांगितलं असतं तर तू आधी हसला असतास, मग गाडीभोवती एक फेरी मारली असतीस आणि शेवटी खाली वाकून बघितलं असतंस, क्लच नक्की कुठं लपवलाय ते. पण खरंच दोनच पेडल असतात. एक पळायचं, एक थांबायचं. गिअर गाडी स्वतःच बदलते, कधी बदलला ते कळतही नाही. डाव्या पायाला कामच नाही. इतके दिवस हे फक्त साहेब लोकांच्या गाड्यांत असायचं, आता मागे बर्फाच्या पेट्या मावतील असा हौदा असलेल्या पिकअपमध्येही आलंय.

मी काही हौसेनं गेले नव्हते. माझा डावा गुडघा गेलाय. तुझाही डावाच गेला होता, आठवतं? संध्याकाळी ओट्यावर बसून तू त्याला कोमट तेल चोळायचास आणि आई म्हणायची, त्या गुडघ्याचे लाड करतोस तेवढे माझे कर. आता मी तेल चोळते, आणि असं बोलायला घरात कुणी नाही. नवीन पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, क्लच दाबणं सोडा, नाहीतर गाडीच सोडावी लागेल. लेक म्हणाली, ड्रायव्हर ठेव. मी तिच्यावर इतकी भडकले की बिचारी चहाचा कप तसाच ठेवून आत गेली. बाबा, सकाळी धक्क्यावरून मासळी उचलायची आणि खारघर, करंजाडेच्या हॉटेलांना पोचवायची, हे मी तुझ्यामागून एवढी वर्षं स्वतः करत आले. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देऊन मी शेजारी बसले, तर माझं असं काय उरणार? म्हणून म्हटलं, बघू तरी ही बिनक्लचची काय चीज आहे ती.

पण भीती होतीच, आणि ती गुडघ्याची नव्हती. तुझी मला आठवण येते ती फोटोतून येत नाही. फोटोत तू कुणाच्या तरी लग्नातला कोट घालून उभा आहेस, परक्यासारखा. तू येतोस तो गिअरच्या दांड्यातून. गाड्या बदलल्या, दांडे बदलले, पण त्यांची ती बारीक थरथर तीच असते. दांड्यावर हात ठेवला की वाटतं, शेजारच्या सीटवर तू आहेस, बिडी विझलेली आहे आणि खिडकीतून खाडीचा वास येतोय. ती थरथरच गेली तर तू कुठून येणार?

अजून डोळ्यांसमोर येतं. ओहोटीची पहाट आहे. खाडीवर धुकं आहे, पलीकडचा किनारा नाहीच, होड्या नुसत्या हवेत टांगल्यासारख्या दिसतायत. तू टेम्पो उलटा घेऊन धक्क्याच्या उतारावर उभा करतोस, मागची चाकं पाण्यापासून हातभर वर. बायका बोंबलाच्या पाट्या चढवतायत. आणि तू गाडी बंद करत नाहीस, हँडब्रेक ओढत नाहीस. अर्ध्या क्लचवर धरून ठेवतोस. गाडी वरही जात नाही, खालीही येत नाही, जागच्या जागी डुलते. पनवेलचे सगळे मिस्त्री तुला यासाठी शिव्या घालायचे. क्लचप्लेट जळते, असं कोण करतं? करायची आपलीच माणसं. जन्म होडीत गेलेला, टेम्पो उतारवयात हाती आलेला. होडी लाटेवर वल्ह्यानं धरतात तशी तू गाडी उतारावर पायानं धरायचास. मी एकदा शहाणपणानं हँडब्रेक ओढला तर माझ्या हातावर चापट बसली.

"ती दोरी खाऱ्या वाऱ्यानं खाल्लीय. तिच्यावर इस्वास ठेवून उतरशील, न गाडी जाईल खारीत. पाय कशाला दिलाय देवानं?"

"पण किती दाबायचा ते कळत नाय ना, बाबा."

"बगू नको, आयक. पायाला कलतं."

खरंच कळायला लागलं. चप्पल काढून बसायचं, होडीत चढताना काढतो तशी. तळव्याखाली पेडल जिथं कुरकुरतं तिथं थांबायचं. पाय शिकला. हातानं मात्र तुला दमवलं. दुसऱ्यातून तिसरा टाकताना माझा दांडा अडायचा, गाडी करकरायची. मग शेजारून तुझा तळहात यायचा आणि माझ्या हातावर बसायचा, जाळ्यानं रापलेला, खरबरीत, गरम. हात न उचलता तू तिसरा टाकायचास. "येवरं पन जमत नाय तुना?" असं पुटपुटायचास. आणि पुढच्या वळणापर्यंत तो हात तिथंच असायचा. लहानपणापासून तू मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. आपल्याकडे बापानं मुलीला जवळ घ्यायची रीतच नव्हती, तुलाही तुझ्या बापानं घेतलं नसेल. तो हात तेवढा होता.

तर परवा लेक मला शोरूमला घेऊन गेली. एकच पिकअप, दोन्ही तऱ्हेची. आधी मी क्लचवालीच मागितली. काय सांगू, दांड्याला हात लावताच जीव सुखावला. पण पहिल्या दोन चौकांत गुडघ्यानं असा जीव काढला की डोळ्यांत पाणी आलं. लेक मागे बसून आरशातून बघत होती. तेच जास्त लागलं. मग दुसरी काढली. मी चप्पल काढली तशी शेजारचा सेल्समन गोंधळला.

"मॅडम, लेफ्ट लेगला पूर्ण रेस्ट. ट्रॅफिकमध्ये एकदम मक्खन."

मक्खन कसलं! चौकात थांबायची वेळ आली आणि सवयीनं माझा डावा पाय गेला खाली, क्लच समजून थेट ब्रेकवर. गाडी अशी गचकन थांबली की त्याच्या मांडीवरची सगळी माहितीपत्रकं पुढच्या काचेवर. "डावा पाय सीटखाली घ्या, मॅडम, प्लीज," तो म्हणाला, आणि पट्टा घट्ट करून बसला. लेक मागे तोंडावर ओढणी धरून हसत होती. मलाही हसू आलं, पण डावा हात मांडीवर पडला होता, त्याचं काय करायचं ते कळेना.

मी गाडी खाडीकडे वळवली. सेल्समन म्हणाला, टेस्ट ड्राइव्हचा रूट तिकडे नाही. मी म्हटलं, माझा आहे. धक्का अजून आहे, बाबा. समोर उंच इमारती उठल्यात, पाणी मागे सरल्यासारखं वाटतं, पण उतार तोच. ओहोटी होती, दुपारचं ऊन पाण्यावर सांडलेलं, कुणीच नव्हतं. मी गाडी उलटी घेतली, तुझ्या जागेवर आणली, पुढचा गिअर लावून ब्रेकवर उभी केली. आणि हळूच पाय उचलला.

"मॅडम, ब्रेक!" तो ओरडला.

गाडी मागे गेली नाही. पुढेही गेली नाही. जागच्या जागी डुलत राहिली, बाबा. अगदी तशीच. उतार मागे ओढत होता आणि इंजिन आपणहून तेवढंच पुढे. मी काहीच धरलेलं नव्हतं, माझे दोन्ही पाय मोकळे होते, आणि गाडी उतारावर तरंगत होती. एका क्षणी वाटलं, शेजारी तूच आहेस आणि तुझा पाय खाली आहे. मी रडले. सेल्समनला वाटलं, किमतीमुळे, तो डिस्काउंटचं बोलायला लागला.

गाडी घेतली. लेकीला सांगितलं, गुडघ्यासाठी. ते खोटं नाही. ती म्हणाली, "आई, ही तर मलाही जमेल," आणि काल शिकायला बसली. गिअरच्या धास्तीनं इतकी वर्षं स्टिअरिंगला हात न लावलेली मुलगी. धक्क्यावर नेली. या गाडीला नुसता पुढे-मागे ठरवण्यापुरता आखूड दांडा असतो, तिचा डावा हात त्यावर होता, उगाच, घाबरून धरलेला. मी शेजारून माझा तळहात त्यावर ठेवला.

"आई, यात बदलायला काही नसतं ना?"

"माहीत आहे."

तिनं हात काढला नाही. बेलपाड्याच्या वळणापर्यंत आम्ही तशाच गेलो. ती पुढे बघत होती आणि गाडी आपली आपण गिअर बदलत होती.

हे पत्र तुला पोचवायचं कुठं ते मला ठाऊक नाही. खाडीत सोडलं तर ओहोटीला परत चिखलात सापडायचं. राहू दे माझ्याजवळच. फक्त एक सांगून टाकते. बाबा, तिसरा गिअर मला पहिल्याच आठवड्यात जमला होता. नंतरची करकर मी मुद्दाम करायचे.