मधल्या थरातलं कापड

आई, तिनं तिरुवैयारूच्या त्यांच्या घराच्या पायरीवर उभं राहून मला विचारलं, "मी तुला हो कधी म्हटलं होतं?" तिथंच माझं सगळं बदललं. तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं तेव्हा मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. परीक्षा चार दिवसांवर आलेली, आणि मी वसतिगृहातून पिशवी उचलून बस पकडली. तिच्या दारात जाऊन एवढा ओरडलो की शेजारच्या घरात चाललेली गाण्याची शिकवणी थांबली. तिनं रागानं विचारलं असतं तर मी भांडलो असतो. पण ती खरंच आठवून बघत होती. आणि तिनं म्हटलं नव्हतंच. तीन वर्षं मी एकटाच हो म्हणत होतो, तिच्याही वाटचं.

कॉलेजात परत गेलो नाही. अप्पांनी एकदाच विचारलं, मी खेकसलो, मग त्यांनी विचारणं सोडलं. घरात बसून बसून एका दुपारी तुझी पत्र्याची ट्रंक उघडली. तुला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आत तुझ्या धुऊन, घड्या घालून ठेवलेल्या चिंध्या, सुया, मेणाचा तुकडा. गोधडी कशी शिवायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण कापड कसं निवडायचं ते हातांना माहीत होतं. तुझ्या शेजारी बसूनच मी मोठा झालो ना. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत आता मला हाक मारतात ती अशी: "काय गा इंजिनियर, आमच्या जुन्या साड्यांचा पूल कधी बांधतोस?" पहिल्यांदा एकाच्या अंगावर धावून गेलो होतो. हल्ली म्हणतो, साड्या आणा, बांधतो.

तुझा स्वयंपाकघरातला तो कट्टा अजून तसाच आहे. त्यावर तू आलेली गाठोडी सोडायचीस. आधी प्रत्येक कापड खिडकीत धरायचं, विरलेलं कुठं आहे ते उजेडात दिसतं. मग पांढरी चिंधी ओली करून रंगावर घासायची. लाल उतरला तर ते लुगडं परत. काठाची जर उसवून बाजूला. पुरुषाचं धोतर, आपली वेष्टी, असेल तर रात्रभर पाण्यात घालायची, आपण कंजी म्हणतो ती खळ निघेपर्यंत, कारण खळीवर झुरळं येतात आणि सुई अडते. आणि शेवटी एक धागा ओढून चुलीच्या ज्योतीवर धरायचा. सुती असला तर कागद जळल्यासारखा वास येतो, राख होते. टेरीलीनचा असला की आक्रसतो, टोकाला काळा टणक मणी होतो. तू तो मणी माझ्या बोटांत देतेस. "दाबून बघ. हे अंगाला लागलं तर घाम पिईल?" मी मान हलवतो. "मग माणसाच्या अंगाशी ह्याचं काय काम?"

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. शाळेतल्या बाईंच्या गोधडीला मधल्या थरात वीतभर कापड कमी पडत होतं, आणि तू देवळात गेली होतीस. दुसऱ्याच्या गाठोड्यातला एक पिवळा तुकडा घेऊन मी तो आत सरकवला, वर टाकेही घातले. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तू आल्यावर नुसता हात फिरवलास.

"हे कुणाचं?"

"आत कुणाला दिसणार आहे, आई?"

"मी कुणाचं विचारलं."

मारलं नाहीस. समोर बसवून सगळे टाके माझ्याकडून उसवून घेतलेस, कापडाचा एकही धागा तुटू न देता. त्याला संध्याकाळ झाली. मग तो तुकडा हातात देऊन मला त्या घरी पाठवलंस, आणि जाताना म्हणालीस, "पांघरणाऱ्याला माहीत असायला हवं कण्णा, आपल्याला ऊब कुणाची येते ते." तेव्हा मला त्यात फक्त चालण्याचे कष्ट कळले.

मागच्या महिन्यात तिची आई, आपण मामी म्हणतो त्या, आल्या. मी कट्ट्यावर कापड फाडत बसलो होतो. मामी दारातूनच म्हणाल्या, "राग अजून नाकावरच आहे, का खाली उतरला?" त्यांनी पिशवी पुढं केली. ती बाळंतपणाला माहेरी आली आहे, महिन्याभरात होईल. "हिच्या तूळीत तुझ्या आईच्या हातची गोधडी होती. हिच्या बाळाची आणखी कुणाला देऊ? झालं ते झालं, बाबा." तूळी म्हटली की तुझ्या हातचा साडीचा पाळणाच डोळ्यांपुढं येतो, म्हणून मी पिशवी घेतली.

तुला ठाऊकच आहे, पहिल्या गोधडीला आपल्याकडे नवं कापड चालत नाही, आणि दोन्ही घरांचं लागतं. वर बाळाच्या आईची साडी, खाली आजीची, मधे बापाची वेष्टी. तिची साडी फिकट जांभळी होती, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. सासूची मदुरेची सुती. आणि त्याची वेष्टी, हिरव्या काठाची, कडक कंजीची, इस्त्री करून घडी घातलेली. ती मी बघत राहिलो. मग ट्रंकेखाली टाकली आणि माझा निळा शर्ट काढला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती एकदा म्हणाली होती, हा रंग तुला बरा दिसतो. एवढंच. मी त्याची बाही कापली, पाठ कापली आणि दोन साड्यांच्या मधे अंथरली. आई, मी ते अतिशय प्रेमानं केलं. तिचं मूल माझ्या शर्टावर झोपेल आणि तिला कधी कळणार नाही, ह्यात मला एवढं सुख वाटत होतं की तीन बाजू एका बैठकीत शिवून झाल्या.

अप्पा परवा कॉफीचा पेला घेऊन आले. सहज गोधडीवर तळवा ठेवला. मग कपड्यांच्या वळणीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुझा निळा शर्ट कुठं गेला?"

"फाटला."

"आणि बाळाच्या बापाची वेष्टी?"

माझी नजर ट्रंकेकडं गेली.

"दुसऱ्याच्या घरात असा शिरणार होय, अस्तरातून?"

मी ओरडलो. तुम्हाला काय कळतं, तुम्ही कधी कुणासाठी काय टाकलंत, असं पुष्कळ. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कॉफी निवते आहे," आणि पेला माझ्यापुढं ठेवून बाहेर जाऊन बसले.

कॉफी खरंच निवली. मी शर्टाच्या उरलेल्या कॉलरमधून एक धागा ओढला आणि काडी ओढली. मणी झाला. बोटांत धरून दाबला. मोकळ्या हवेत मलाच त्या शर्टात घाम यायचा, पाठीवर पुरळ उठायचं. मला हे आधीपासून माहीत होतं. पिशवीतलं प्रत्येक कापड मी उजेडात धरलं, घासलं, जाळून पाहिलं. एवढा एकच धागा ओढला नव्हता. ओढला असता तर शर्ट बाजूला ठेवावा लागला असता.

सगळे टाके उसवले. एकही धागा तुटला नाही. वेष्टी रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी दोन पाण्यांतून काढली, सावलीत वाळवली. कंजी गेल्यावर ती मऊ निघाली, चांगल्या सुताची. हे लिहिताना अजूनही थोडं जड जातं. मधे अंथरली आणि आज दुपारपर्यंत गोधडी पुरी केली. तुझ्यासारखे टाके नाहीत, कोपऱ्यात थोडी ओढ बसली आहे, पण आत जे आहे ते मामींनी दिलेलंच आहे.

आता तिरुवैयारूची बस धरतो. मामींच्या हातात गोधडी देईन, कापड कुठलं कुठं घातलं ते सांगेन, आणि तिची चौकशी न करता पायरीवरूनच परत फिरेन.

असं लिहिलं खरं. पण चौकशी करीन, आई. आणि आणखी एक: ही मराठीची बाळबोध, देवनागरी अक्षरं तुला येत नव्हती, तमिळच वाचणाऱ्या आपल्या घरात कुणालाच येत नाहीत. मी ती शिकलो तिला पत्रं लिहायला. त्यातलं एकही तिला दिलं नाही, हेही द्यायला कुणी नाही. अप्पा वाचू शकणार नाहीत म्हणून कट्ट्यावर उघडंच ठेवतो. गोधडी काखेत घेतली आहे. अप्पांना सांगितलं, येतो. आता निघतो, आणि दार ओढून घेतो.